निंफ गळ

निंफ गळ ही वाहत्या पाण्यात मासे धरण्याची एक पद्धत आहे. नदीच्या तळाशी राहणाऱ्या कीटकांच्या अपरिपक्व अवस्थेला निंफ म्हणतात. या निंफची पिसे, लोकर व तार यांपासून केलेली प्रतिकृती गळावर बांधावयाची आणि ती प्रवाहाच्याच गतीने तळालगत वाहू द्यावयाची, हे या पद्धतीचे सार होय. इंग्रजीत तिला ‘निंफ फ्लाय फिशिंग’ असे नाव असून तिचा विकास प्रामुख्याने इंग्लंडमधील ट्राउट माशांच्या नद्यांवर झाला. महाराष्ट्रातील उष्ण नद्यांत ट्राउट आढळत नाही. तथापि तळातील कीटकांवर अंशतः उपजीविका करणारे महासीर, कोळस यांसारखे मासे भीमा-कृष्णा खोऱ्यात असल्यामुळे ही पद्धत येथेही तत्त्वतः लागू पडते. प्रस्तुत लेखात निंफ गळाची जुळणी कशी करतात याचे वर्णन असून, सोलापूर जिल्ह्यातील भीमा नदीच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

संकल्पना

ग्रीक पुराणकथांत झरे व नद्या यांत वास करणाऱ्या कुमारिकांना निंफ म्हणत. कीटकशास्त्राने हे नाव अपूर्ण रूपांतरण होणाऱ्या कीटकांच्या पिलांना दिले. चतुर, टाचणी, मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय हे अशा कीटकांचे ठळक नमुने होत. कॅडिसफ्लाय किंवा न चावणारे डास यांच्या बाल्यावस्थेला शास्त्रीय दृष्ट्या निंफ न म्हणता अळी म्हणावयास हवे. परंतु गळकऱ्यांच्या व्यवहारात हा भेद पाळला जात नाही. पाण्याखाली राहणाऱ्या कोणत्याही लहान जीवाची प्रतिकृती त्यांच्या लेखी निंफच.

मेफ्लायचे पंख फुटलेले आयुष्य काही तासांचे किंवा फार तर एक-दोन दिवसांचे असते. त्याआधीचा सर्व काळ तिने पाण्यात दगडांच्या खालच्या बाजूस काढलेला असतो. माशाला पृष्ठभागावरील माशी क्वचित मिळते, तळातील निंफ मात्र जवळजवळ बारमाही मिळते. दगडावरची पकड सुटून निंफ प्रवाहात वाहू लागली की मासा जागेवरून फारसा न हलता तिला टिपतो. निंफ गळाचा संपूर्ण आटापिटा या एका क्षणाची नक्कल करण्यासाठी असतो. ही नक्कल रंगरूपाची कमी आणि गतीची अधिक असते, हे ध्यानात न घेतल्यास पुढील जुळणीतील एकाही भागाचे प्रयोजन नीट कळत नाही.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील चुनखडीच्या प्रदेशातील नद्यांवर ‘कोरड्या माशी’चा, म्हणजे पृष्ठभागावर तरंगणाऱ्या प्रतिकृतीचा पंथ प्रबळ होता. फ्रेडरिक हॅलफर्ड हा त्याचा प्रमुख प्रवक्ता. जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाने इचेन नदीवरील निरीक्षणांतून या मताला छेद दिला. ट्राउट बहुतेक वेळ पाण्याखालीच खातो, मग पृष्ठभागाचाच आग्रह का, असा त्याचा सरळ प्रश्न होता. ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ हे त्याचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. हा वाद इतका चिवट होता की निंफ वापरणे नीतीला धरून आहे की नाही, यावर १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात चर्चा ठेवण्यात आली. मासे धरण्याच्या साधनाविषयी इतका नैतिक काथ्याकूट क्वचितच कोठे झाला असेल.

विल्टशरमधील एव्हन नदीचा रक्षक फ्रँक सॉयर याने पुढचे पाऊल टाकले. त्याने दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरून फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची निंफ बांधली. तारेमुळे निंफला वजन आले व ती वेगाने बुडू लागली. त्याचे ‘निंफ्स अँड द ट्राउट’ हे पुस्तक १९५८ चे. १९८० च्या दशकात पोलंड व चेकोस्लोव्हाकिया येथील स्पर्धकांनी जड निंफ, आखूड दोर आणि तरंगत्या दर्शकाचा अभाव अशी शैली प्रचारात आणली. आज तिला ‘युरो निंफिंग’ म्हणतात.

भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी काश्मीर, हिमाचल व निलगिरी येथील थंड ओढ्यांत ट्राउट सोडण्यात आला. त्याआधीच, १८७३ मध्ये, हेन्री सलिव्हन टॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे महासीर व अन्य देशी माशांवरील पुस्तक निघाले होते.

पारंपरिक गळ आणि निंफ गळ

भीमाकाठच्या गळाची रचना परिचित आहे. बांबूची काठी, तिला बांधलेला तंगूस, त्यावर मोरपिसाच्या नळीचा किंवा ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा तरंगता तुकडा, खाली शिशाची गोळी, आणि टोकाला गांडूळ किंवा मळलेली कणीक लावलेला गळ. निंफ गळातही काठी, दोर, तरंगते, वजन व गळ हीच पंचांगे आहेत. म्हणून ही पद्धत वरवर वाटते तितकी परकी नाही. दोहोंत फरक आहे तो दोन बाबतींत.

पहिला फरक फेकीचा. पारंपरिक गळात शिशाचे वजन पुढे जाते आणि हलका तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. निंफचे वजन नगण्य असल्याने ती स्वतः फेकली जाऊ शकत नाही. येथे जाड, जड व निमुळता दोरच फेकला जातो आणि निंफ त्याच्यामागे जाते. काठीची लवचीकता, दोराचे वजन आणि पुढील धाग्याचा निमुळतेपणा यांचा मेळ घालावा लागतो तो यामुळेच.

दुसरा फरक आमिषाचा. गांडुळाला वास व चव असते. मासा ते काही काळ तोंडात धरतो, तरंगते दोन-तीनदा डुचमळते आणि मग बुडते. तोपर्यंत काठी उचलण्यास सवड असते. निंफ ही धातू व पिसांची बनलेली असते. मासा ती तोंडात घेतो आणि फसगत कळताच क्षणार्धात थुंकून टाकतो. तरंगते पूर्ण बुडण्याची वाट पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ते जरा अडखळले तरी काठी उचलावी लागते. गांडुळाच्या गळावर हात बसलेल्या माणसाला येथे सवय मोडावी लागते, आणि ती सहज मोडत नाही.

जुळणी

काठी, चक्री व दोर

मध्यम नदीसाठी ९ फूट (सुमारे २.७ मीटर) लांबीची, ५ क्रमांकाची काठी सर्वसाधारणपणे पुरते. क्रमांक काठीचा नसून मुळात दोराचा असतो. दोराच्या पुढच्या ३० फुटांचे वजन किती, यावरून तो ठरतो. ५ क्रमांकाच्या दोरात हे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरते. काठी त्याच क्रमांकाची घ्यावयाची. युरो निंफिंगमध्ये १० ते ११ फुटांची, २ ते ४ क्रमांकाची लांब व नाजूक काठी वापरतात, कारण तेथे दोर पाण्याबाहेर उचलून धरावा लागतो. मोठ्या महासीरासाठी ७ ते ९ क्रमांकाची काठी लागते.

चक्रीवर प्रथम गुंडाळलेला पूरक दोरा असतो. मासा दूर धावला तरच तो उपयोगी पडतो. त्याला तरंगणारा मुख्य दोर जोडतात. या दोराची लांबी बहुधा ९० फूट असून पुढचे टोक जाड करून शेवटी निमुळते केलेले असते. दोर तरंगणारा असावा लागतो. बुडणारा दोर प्रवाहात वाकतो आणि निंफला आपल्याबरोबर फरफटत नेतो.

लीडर व टिपेट

मुख्य दोराच्या टोकाला सुमारे ९ फूट लांबीचा निमुळता पारदर्शक धागा जोडतात. त्याला लीडर ही संज्ञा आहे. मुख्य दोर व लीडर या दोहोंच्या टोकांना फासे असतील तर एकात एक ओवून जोड करता येतो आणि हवा तेव्हा तो सोडवता येतो. लीडरच्या बारीक टोकाला सारख्या जाडीचा धाग्याचा तुकडा जोडतात, तो टिपेट. निंफ बदलताना प्रत्येक वेळी कापला जातो तो टिपेट. त्यामुळे महागडा लीडर आखूड होत नाही.

टिपेटची जाडी ‘एक्स’ या चिन्हाने सांगण्याचा प्रघात असून तिचे गणित अकरावरून मांडतात. ११ मधून एक्सपुढील आकडा वजा केला की इंचाच्या सहस्रांशांत जाडी मिळते. म्हणजे ५ एक्सचा धागा ६ सहस्रांश इंच (०.१५ मिलिमीटर) आणि ३ एक्सचा ८ सहस्रांश इंच (०.२० मिलिमीटर) भरतो. आकडा मोठा तितका धागा बारीक, हे उलटे प्रमाण नवशिक्यास गोंधळात टाकते. बारीक धागा पाणी लवकर कापतो व निंफ जलद बुडते. जाड धाग्यावर प्रवाहाचा दाब अधिक पडतो. स्वच्छ पाण्यात लहान माशांसाठी ४ किंवा ५ एक्स पुरेसा असतो.

निंफसाठी नायलॉनऐवजी फ्लुरोकार्बनचा टिपेट पसंत करतात. नायलॉनची घनता पाण्याहून किंचितच अधिक, म्हणजे सुमारे १.१४ असते, तर फ्लुरोकार्बनची १.७८. त्याचा वक्रीभवनांक पाण्याच्या अधिक जवळ असल्यामुळे तो पाण्यात कमी दिसतो. मात्र हा पदार्थ निसर्गात कुजत नाही. कापलेला तुकडा काठावर टाकल्यास पक्ष्यांच्या पायांत अडकतो. तो खिशात घालून परत आणणे हे जुळणीचेच अंग मानावे.

निंफ

निंफ बहुधा १० ते १८ क्रमांकाच्या गळावर बांधतात. येथेही आकडा मोठा तितका गळ लहान. गळाच्या डोळ्यामागे धातूचा मणी ओवलेला असतो. पितळेची घनता सुमारे ८.५, शिशाची ११.३ आणि टंगस्टनची १९ च्या वर आहे. एकाच आकाराच्या निंफमध्ये टंगस्टनचा मणी घातल्यास ती दुपटीहून अधिक निर्धाराने तळ गाठते. काटा नसलेला, किंवा पक्कडीने काटा दाबलेला गळ वापरल्यास मासा इजा न होता सोडता येतो, आणि चुकून बोटात रुतला तरी सहज निघतो.

पुष्कळदा दोन निंफ लावतात. पहिली जड असते आणि ती नांगराचे काम करते. तिच्या गळाच्या वाकणाला ४० ते ५० सेंटिमीटर टिपेट बांधून दुसरी, लहान व हलकी निंफ सोडतात. खालची निंफ प्रवाहात मोकळी डोलते व बहुधा तीच मासा घेतो. तीन निंफ लावण्याचा मोह टाळावा. गुंता सोडविण्यात जाणारा वेळ मासे धरण्यातून वजा होतो.

वजन व दर्शक

निंफचे स्वतःचे वजन अपुरे पडल्यास तिच्या १५ ते २० सेंटिमीटर वर टिपेटवर चिरलेली लहान गोळी दाबून बसवितात. गोळी घसरू नये म्हणून ती लीडर व टिपेट यांच्या गाठीच्या लगेच वर बसविणे सोयीचे. या गोळ्या परंपरेने शिशाच्या असतात. पाणपक्षी वाळूचे खडे समजून त्या गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये हंसांचे असे मृत्यू लक्षात आल्यावर १९८७ पासून बहुतेक आकारांच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी घालण्यात आली. उजनी जलाशयावर दरवर्षी रोहित व अन्य स्थलांतरित पक्षी उतरत असल्याने कथील किंवा टंगस्टनच्या गोळ्या वापरणे येथेही श्रेयस्कर ठरते.

तरंगता दर्शक लीडरवर बसवितात. तो रंगीत लोकरीचा पुंजका, फेसाचा गोळा किंवा पोकळ मणी असू शकतो. दर्शकापासून निंफपर्यंतचे अंतर पाण्याच्या खोलीच्या सुमारे दीडपट ठेवावे, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर पाण्यात हे अंतर पाऊण मीटर येते. बरोबर खोलीइतके अंतर का नाही, असा प्रश्न पडतो. याचे उत्तर प्रवाहाच्या रचनेत आहे. तळाच्या दगडांशी घर्षण होत असल्याने तळालगतचे पाणी पृष्ठभागापेक्षा मंद वाहते. दर्शक पुढे जातो, निंफ मागे राहते, आणि त्यांच्यातील धागा तिरका होतो. तिरक्या धाग्याला अधिक लांबी लागते. खोली बदलली की दर्शकही सरकवावा लागतो. एकाच जागी तासभर उभे राहून जो तो सरकवीत नाही, त्याचा गळ बहुतेक वेळ रिकाम्या पाण्यातून फिरत असतो.

युरो निंफिंगमध्ये दर्शक नसतो. त्याऐवजी लीडरमध्ये दोन रंगांच्या धाग्याचा तुकडा जोडून तो पाण्याच्या किंचित वर ताणून धरतात व त्याच्या हालचालीवर नजर ठेवतात.

गाठी

धाग्याला धागा जोडण्यासाठी ‘सर्जन’ गाठ वापरतात. दोन्ही धागे १५ सेंटिमीटर समांतर धरून त्यांचा एकत्र फासा करावयाचा, त्यातून दोन्ही टोके दोन किंवा तीन वेळा ओवावयाची व चारही टोके एकदम ओढावयाची. निंफ बांधण्यासाठी ‘क्लिंच’ गाठ सोयीची आहे. धागा गळाच्या डोळ्यातून ओवून त्याच धाग्याभोवती पाच वळसे द्यावेत, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फाशातून घालावे, मग त्यामुळे झालेल्या मोठ्या फाशातून परत ओवावे आणि सावकाश ताणावे.

ताणण्यापूर्वी गाठ ओली करणे अत्यावश्यक आहे. कोरडा धागा घासला की उष्णता निर्माण होते आणि त्याची ताकद घटते. तुटलेल्या धाग्याचे टोक शेपटासारखे वळलेले दिसले तर गाठ घसरली असे समजावे. सरळ तुटले असेल तर धाग्यालाच इजा झाली होती.

वाहवण्याची रीत

गळकरी प्रवाहाच्या वरच्या दिशेने तिरकी फेक करतो. निंफ बुडण्यास काही सेकंद लागतात, म्हणून मासा जेथे असण्याचा संभव आहे त्याच्या बऱ्याच वर ती पडावी लागते. त्यानंतर दोर सैल ठेवून, परंतु फार सैल न ठेवता, निंफ प्रवाहाबरोबर खाली येऊ द्यावयाची. काठापासून निंफपर्यंतच्या पाण्यात वेगवेगळ्या गतीच्या धारा असतात. मधली धार जोरदार असल्यास ती दोराला बाकदार करून पुढे ओढते आणि दर्शक पाण्यावर रेघ काढीत धावू लागतो. असे होताच काठीच्या टोकाने दोर उचलून वरच्या दिशेस टाकावा लागतो. दर्शकाची गती शेजारच्या फेसाच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित कमी असेल तर निंफ तळालगत आहे असे समजावे. ती बुडबुड्यांच्या पुढे जात असेल तर निंफ वरच तरंगत आहे आणि वजन वाढवावयास हवे. दर्शक वारंवार अडखळून निंफवर शेवाळ येत असेल तर वजन कमी करावे.

मासा मिळेनासा झाला की निंफ बदलण्याकडे बहुतेकांचा कल असतो. प्रथम वजन, मग दर्शकाचे अंतर, मग उभे राहण्याची जागा आणि सर्वांत शेवटी निंफ, हा क्रम अधिक फलदायी ठरतो.

भीमा खोऱ्यातील मासे

दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद विल्यम हेन्री साइक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने केली. त्याने माशांना नावे देताना स्थानिक नावांचा आधार घेतला. त्यामुळे खुद्री, कोळस, नुक्ता ही येथील बोलीतली नावे १८३९ पासून जागतिक शास्त्रीय परिभाषेत जाऊन बसली. मराठी शब्दांच्या प्रवासाचा हा एक दुर्लक्षित अध्याय आहे. टॉर खुद्री या दख्खनी महासीराचे वर्णन त्याने पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळालेल्या नमुन्यावरून केले. मुळा-मुठा पुढे भीमेस मिळते, आणि भीमा सोलापूर जिल्ह्यात येते.

निंफला कोणता मासा भुलेल हे त्याच्या तोंडाच्या ठेवणीवरून पुष्कळसे ठरते. महासीराचे ओठ मांसल असून घशातील दात बळकट असतात. तो शेवाळ, फळे, शिंपले, कीटक असे सर्व काही खातो. निंफ गळासाठी तोच सर्वांत योग्य. कोळस व तत्सम लहान मासेही कीटक टिपतात. कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असून तो वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी गाळून खातो. तळाची निंफ त्याच्या वाटेवर येत नाही. रोहू व मृगळ यांची तोंडे खालच्या बाजूस आहेत, परंतु ते प्रामुख्याने वनस्पतिजन्य पदार्थ व तळातील कुजका गाळ खातात, आणि क्वचितच निंफ घेतात. मरळ व शिवडा हे शिकारी मासे असून त्यांना हलणारे, मोठे भक्ष्य हवे असते. तिलापिया, ज्याला उजनीच्या परिसरात चिलापी म्हणतात, तो मूळचा आफ्रिकेतील. तो जे मिळेल ते खातो आणि लहान निंफही घेतो.

महासीराच्या संवर्धनाचा एक महत्त्वाचा प्रयोग याच खोऱ्याच्या शिरोभागी झाला. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी खुद्रीच्या अंडी घालण्याच्या सवयी व पिलांची प्रारंभिक वाढ यांवर केलेला अभ्यास १९७१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लोणावळ्याजवळ टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून महासीराची पिले मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली व देशातील अनेक जलाशयांत सोडली गेली. या यशाला दुसरी बाजूही आहे. यांतील खुद्री कावेरीत सोडण्यात आली, तेथे ती फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडधारी महासीर मागे हटत गेला. तो मासा आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत संकट ठरू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

रायगड जिल्ह्यात वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहातील महासीर देवीचे मासे म्हणून राखले जातात. तेथे गळ टाकण्यास लोकपरंपरेचीच बंदी आहे.

सोलापूर जिल्ह्यातील भीमा

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यांपैकी जवळपास ६४ अब्ज घनफूट मृतसाठा आहे. धरणाच्या वर नदीचा प्रदीर्घ पट्टा स्थिर जलाशयात रूपांतरित झाला. धरणाच्या खाली पावसाळ्यानंतर नदीला वाहते पाणी मिळते ते मुख्यतः धरणातून सोडल्यावर. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी औज बंधाऱ्यापर्यंत नदीपात्रातून पाणी सोडण्यात येते. आषाढी वारीसाठी पंढरपुरात चंद्रभागेला पाणी येते तेही गरजेनुसार धरणातूनच. मधल्या काळात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पात्राचे लहान-लहान साखळीतलाव करतात.

निंफ गळाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. वर वर्णिलेली दीडपट अंतर, तिरकी फेक, दोर उचलणे ही सर्व योजना पाणी वाहते आहे या गृहीतावर उभी आहे. बंधाऱ्यामागच्या पाण्यात दर्शक जागीच थांबतो. तेथे दर्शकाखाली निंफ स्थिर लटकत ठेवणे किंवा दोर बोटांनी हळूहळू ओढून तिला हालचाल देणे, हे दोनच पर्याय उरतात. आणि मग ती तळ्यातील गळाची पद्धत झाली. खऱ्या अर्थाने निंफ वाहवता येते ती बंधाऱ्यांच्या खालच्या उथळ खडकाळ पट्ट्यांत, आणि तीही पावसाळ्याचा गढूळपणा ओसरून प्रवाह अद्याप टिकून असतो त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपासच्या काळात. भर पावसाळ्यात काळ्या मातीने गढूळ झालेल्या पाण्यात माशाला लहान निंफ दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी तापते, त्यातील प्राणवायू घटतो, आणि दमवून सोडलेला मासा बहुधा वाचत नाही.

दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे सीना भीमेला मिळते. तेथील संगमेश्वर मंदिरातील शके ९४० (इ.स. १०१८) चा शिलालेख आद्य मराठी लेखांत गणला जात असल्याने हे स्थळ भाषेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. नद्यांच्या संगमावर दोन वेगांच्या धारांमध्ये एक शिवण तयार होते. वाहून येणारे खाद्य तिच्यात गोळा होते आणि मासे तिच्या मंद बाजूस उभे राहतात. निंफ टाकण्यासाठी संगम महत्त्वाचे मानतात ते या कारणाने. अर्थात दोन्ही नद्यांना पाणी असेल तरच शिवण पडते.

दुसरा प्रश्न तळातील जीवांचा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय व कॅडिसफ्लाय यांना स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाणी आणि गाळाने न भरलेले दगड लागतात. म्हणूनच नदीच्या आरोग्याचे मापन करताना जीवशास्त्रज्ञ या तीन गटांची मोजदाद करतात. मुळा-मुठा व अन्य नद्यांमार्गे शहरी सांडपाणी उजनीत येते, जलपर्णी माजते, तळाशी सेंद्रिय गाळ साचतो. अशा गाळात टिकतात त्या न चावणाऱ्या डासांच्या लाल अळ्या. त्यांच्या शरीरातील हीमोग्लोबिन कमी प्राणवायूतही त्यांना जगवते, आणि लाल रंग त्यामुळेच येतो. गळकऱ्याने दगड उलटून खालचे जीव पाहावेत व तशी निंफ निवडावी, असा या पद्धतीचा पहिला धडा आहे. लोणावळ्याच्या वरच्या ओढ्यात तो तपकिरी मेफ्लाय निवडील. गाळ साचलेल्या डोहात त्याला लाल तारेची अळी बांधावी लागेल. पेटीतील कोणती निंफ चालते, यावरून नदीच्या त्या भागाची अवस्था कळते.

धोके व निर्बंध

धरणातून पाणी सोडल्यावर कोरड्या पात्रातही पातळी अल्पावधीत वाढते. पात्रात उतरण्यापूर्वी विसर्गाची सूचना पाहावी, आणि पाण्याचा रंग किंवा आवाज बदलताच काठ गाठावा. वाळूउपशामुळे पात्रात खोल खड्डे पडलेले असून पाण्याखाली ते दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल पुरुषभर खोलीत पडू शकते. काठीने तळ चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये. दर्शकाचे अंतर ठरविण्यासाठी खोली मोजावीच लागते, तेव्हा हे काम दुहेरी उपयोगाचे आहे. वीजवाहिन्यांखाली फेक करणे प्राणघातक ठरू शकते, कारण आधुनिक काठ्या कार्बन तंतूंच्या असतात व त्यांतून वीज वाहते.

भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ अन्वये स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे हा गुन्हा आहे. जलाशयातील मासेमारीचे हक्क बहुधा परवान्याने किंवा मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेले असतात, आणि भोई समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका त्यांवर अवलंबून आहे. हौसेसाठी गळ टाकणाऱ्याने तेथे आधी परवानगी घेणे आवश्यक आहे. धरलेला तिलापिया परत पाण्यात सोडू नये, तो खाण्यासाठी ठेवावा. महासीर मात्र हात ओले करून, पाण्याबाहेर न उचलता गळ काढून सोडावा, आणि तो स्वतःच्या बळाने निघेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून धरावा.